‘बुडख्यासकट काढून देतो,’ म्हणाला होता

आमच्या अंगणात कडुनिंबाची दोन झाडं होती. बाबांनी एकाच दिवशी लावलेली, मध्ये जेमतेम ३ मीटर अंतर. त्यातलं एक घराच्या बाजूला कललं होतं. बुंध्याशी पोकळी पडली होती आणि तिच्या तोंडाशी ताटलीएवढी अळंबी उगवली होती. खोडावर अशी अळंबी दिसली की आतलं लाकूड कुजायला लागलेलं असतं. झाड काढायलाच हवं होतं, त्याची रीतसर परवानगीही आम्ही घेतली होती. पुढे जे झालं ते मात्र टाळता आलं असतं, आणि ते दुसऱ्या कुणाच्या अंगणात होऊ नये म्हणून सगळं लिहिते आहे.

वादळ होऊन दोन दिवस झाले होते. एक माणूस दारात आला. आम्ही त्याला बोलावलं नव्हतं. "ताई, हे झाड पुढच्या वाऱ्यात घरावर येणार. आज माझा टेम्पो इकडेच आहे, आजच हो म्हणा. बुडख्यासकट काढून देतो, जागा सपाट." वादळाची भीती मनात ताजी होती. बाकीच्यांपेक्षा त्याने पैसेही कमी सांगितले. निम्मे आगाऊ दिले. कागदावर एक ओळसुद्धा लिहून घेतली नाही.

तोडायला तिघे आले. कुणाच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं, कमरेला दोर नव्हता. तेव्हाच काम थांबवायला हवं होतं. झाडावरून एखादा पडला असता तर त्याच्या घरच्यांना मी काय सांगितलं असतं, हा विचार अजून मला झोपू देत नाही.

दुपारपर्यंत खोड गुडघ्याच्या उंचीवर कापलं गेलं. ओंडके टेम्पोत चढले. लाकूड कुणाचं, हे आधी बोलणंच झालं नव्हतं, आणि मी विचारेपर्यंत टेम्पो सुरू झाला होता. पाचोळा नि डहाळ्यांचा ढीग मात्र अंगणातच राहिला. "बुडख्याचं मशीन उद्या येतं, पण मशीनवाल्याला आजच पैसे भरावे लागतात," असं सांगून त्याने उरलेली रक्कमही नेली.

जाता जाता, "दुसऱ्याचीही छाटणी करून देतो, त्याचे पैसे नकोत," म्हणून एक जण खिळ्यांचे बूट घालून त्या धडधाकट झाडावर चढला. जिवंत झाडाच्या छाटणीला असे बूट वापरायचे नसतात, कारण प्रत्येक पावलाला सालीत भोक पडतं. त्याने फांद्या खोडाला अगदी लगटून कापल्या आणि जखमांवर रंग फासला. मला ते नीटनेटकं वाटलं. नंतर वाचलं तेव्हा कळलं की फांदीच्या मुळाशी जो फुगीर गळा असतो तो राखून कापायचं असतं, कारण जखम तिथूनच मिटत येते. अमेरिकी वनखात्यातले शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडं उभी चिरून पाहिली आणि दाखवून दिलं की झाड जखम आपल्यासारखी भरून काढत नाही, ते कुजका भाग आतल्या आत भिंत घालून वेगळा पाडतं. वरून फासलेल्या रंगाने कूज थांबत नाही.

मशीन आलं नाही. नऊ दिवस मी फोन करत राहिले. दहाव्या दिवशी दोन मुलं ड्रिल घेऊन आली. त्यांनी बुडख्याला पंधरा-वीस भोकं पाडली, लेबल नसलेल्या डब्यातलं काहीतरी त्यात ओतलं आणि वर माती लोटली. "पंधरा दिवसांत भुसा होतो, ताई."

असं होत नाही. कुठलंही औषध ओतलं तरी एवढा मोठा बुडखा पंधरा दिवसांत भुसा होत नाही, त्याला कुजायला काही वर्षं जातात. तणनाशकाने बुडखा मरतो, धुमारे फुटायचे थांबतात, पण लाकूड जागच्या जागी राहतं. आणि एकाच जातीची झाडं शेजारी असली की जमिनीखाली त्यांची मुळं एकमेकांना चिकटून जुळू शकतात. मग एकाच्या बुडख्यात ओतलेलं विष दुसऱ्याच्या अंगात पोचतं.

दीड महिन्याने दुसऱ्या झाडाची बुडख्याकडची बाजू झडली. नवी पानं आली ती बारीक, दोऱ्यासारखी, झुपक्याने गुंतलेली. त्या माणसाचा फोन तोवर बंद झाला होता.

शेवटी एका ओळखीच्या बाईंनी एक वृक्षतज्ज्ञ सुचवला. तो आला आणि पैशांचं बोलण्याआधी त्याने विचारलं, पाण्याची पाइप कुठून जाते? विजेची केबल जमिनीखालून आहे का? या जागी पुन्हा झाड लावायचंय की फरशी घालायची आहे? मग बुडख्याचा घेर त्याने वर कापलेल्या जागी न मोजता जमिनीलगत, मुळं फाकतात तिथे मोजला. पहिल्या माणसाने यातलं एकही विचारलं नव्हतं, आणि मलाही ते खटकलं नव्हतं.

‘बुडखा काढणं’ म्हणजे नेमकं काय, हे त्यानेच समजावलं. यंत्राच्या दातेरी चाकाने बुडखा जमिनीखाली साधारण १५ ते ३० सेंटिमीटरपर्यंत किसला जातो. लांब पसरलेली मुळं तशीच राहतात, हळूहळू कुजतात आणि वरची जमीन खचत जाते. फरशी घालायची असेल तर हे आधीच ठरवावं लागतं. किसताना निघणारा भुसा बुडख्याच्या कितीतरी पट जागा घेतो. तो कोण नेणार, हे बोललेलं नसेल तर ढीग तुमच्याच दारात राहतो. त्याच भुशाने खड्डा बुजवून तिथे रोप लावलं तर ते पिवळं पडतं, कारण भुसा कुजवणारे जीवाणू मातीतलं नत्र ओढून घेतात. भुसा काढून चांगली माती भरायला हवी.

दुसऱ्या झाडाची पानं बघून तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तणनाशकच दिसतंय. या बाजूला मी फक्त बुडखा किसणार, मुळांच्या मागे जाणार नाही. त्यात याची मुळंही असतील." किती खोल किसणार, भुसा कोण उचलणार, पाइप फुटली तर खर्च कुणाचा, हे सगळं त्याने कागदावर लिहून दिलं. मागच्या कामांचे पत्ते दिले. त्याच्याकडे कामगारांचा विमा होता, त्याची प्रत दाखवली. आगाऊ काहीच घेतलं नाही.

बुडखा अर्ध्या दिवसात गेला. खड्ड्यात माती भरली, ती खचली तशी पुन्हा भरली. दुसऱ्या झाडाची अर्धी बाजू अजून उघडी आहे. वाळलेल्या फांद्या त्याने गळा राखून काढल्या आहेत, आणि एक पूर्ण पावसाळा वाट बघायला सांगितलं आहे. घराकडच्या बाजूला या आठवड्यात नेहमीसारखी रुंद पानं फुटली आहेत. रोज सकाळी मी खाली उभी राहून ती मोजते.