पागडीचा गाळा की लीव्ह अँड लायसन्स? दुकान किंवा खानावळ टाकण्याआधी

दादर, गिरगाव किंवा लालबागला रस्त्यालगतचा छोटा गाळा शोधायला निघालात की एजंट आधी हेच विचारतो: पागडीचा चालेल, की लीव्ह अँड लायसन्सच हवा? पागडी म्हणजे सुरुवातीला एकरकमी मोठे पैसे देऊन नाममात्र भाड्यावर भाडेकरू होणं; लीव्ह अँड लायसन्स म्हणजे ठरलेल्या मुदतीपुरती, दरमहा पैसे देऊन जागा वापरायची परवानगी. बहुतेकांचा उलट प्रश्न ठरलेला असतो, "महिन्याला भाडं किती?" पागडीचं भाडं ऐकून हसू येतं आणि लायसन्सचं ऐकून घाम फुटतो. पण निर्णय त्या आकड्यावर करू नये. फरशी, भट्टी, काउंटर यांत घातलेला पैसा गल्ल्यातून परत येण्याआधी तुम्हाला तिथून कोण उठवू शकतो, हे आधी बघावं.

पागडी: बसायला महाग, उठवायला कठीण

पागडी म्हणजे काळा व्यवहार, ही समजूत जुनी झाली. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि त्याच्या कलम ५६ ने अशी रक्कम घेण्या-देण्याला मान्यता दिली. तुम्ही जुन्या भाडेकरूला पैसे देता आणि घरमालक त्यातला हिस्सा घेऊन भाडेपावती तुमच्या नावावर करतो. मुंबईत हा हिस्सा साधारण एक-तृतीयांश धरतात, पण त्यात घासाघीस चालते. नंतरचं भाडं नाममात्र आणि कायद्याने वाढ वर्षाला ४ टक्के. भाडं वेळेवर भरत राहिलात आणि अटी पाळल्यात, तर मालकाला जागा सहजासहजी परत घेता येत नाही. थकबाकीचा दावा लागला तरी समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत १५ टक्के व्याजासह पैसे भरून वाचायची सोय आहे.

आता यातल्या खाचा. परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवला, किंवा सबळ कारणाशिवाय गाळा सलग सहा महिने बंद ठेवला, तर ताबा जाऊ शकतो. म्हणजे धंदा बसला म्हणून कुलूप लावून गावी गेलात, तर गाळाही गमावू शकता. पागडीच्या हक्कावर बँका सहसा कर्ज देत नाहीत, त्यामुळे सगळी रक्कम स्वतःची लागते. त्यातली निम्मी रोख मागणारे भेटतीलच. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारायला आयकर कायद्याची बंदी आहे आणि रोख दिलेल्या पैशाचा पुरावा तुमच्याकडे उरत नाही. कपड्यांच्या दुकानाचा गाळा घेऊन तिथे हॉटेल काढायचं असेल, तर वापर बदलण्याची मालकाची लेखी संमती पावतीबरोबरच घ्या. नंतर ती मिळत नाही, किंवा फार महाग मिळते.

शिवाय इमारत जुनी असते. उपकरप्राप्त (दुरुस्तीचा उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतीचा पुनर्विकास मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ३३(७) खाली झाला, तर दुकानदाराला आधीइतकंच चटईक्षेत्र मिळतं. कागदावर हे ठीकच आहे. पण बांधकाम चालू असताना रोजचं गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जायला लागतं आणि ते परत मिळवून देणारं कलम कुठेच नाही.

लीव्ह अँड लायसन्स: हातात फक्त परवानगी

कायद्याच्या नजरेत लायसन्स म्हणजे जागा वापरण्याची परवानगी. जागेत तुमचा हक्क तयार होत नाही. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याचं कलम ५९ सांगतं की मालकाने जागा विकली, तर नवा मालक त्या परवानगीला आपोआप बांधील नसतो. तुमची पाच वर्षं दोन वर्षांत संपू शकतात ती इथे. म्हणून करारात स्पष्ट लिहून घ्या: जागा विकली तर खरेदीदाराकडून हाच करार मान्य करून घेण्याची जबाबदारी मालकाची, आणि तसं झालं नाही तर डिपॉझिटसह फर्निचरचा उरलेला खर्च भरून द्यायचा.

मालकही घाबरलेले असतात, आणि त्याला इतिहास आहे. १ फेब्रुवारी १९७३ रोजी लायसन्सवर जागेत असलेल्यांना त्या वेळच्या भाडे कायद्याने भाडेकरूच मानलं. तो धसका अजून पुरता गेलेला नाही, म्हणून मुदत छोटी ठेवण्याकडे मालकांचा कल असतो.

नोंदणीत मात्र कुचराई नको. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार ती मालकाची जबाबदारी आहे. खर्चही फार नाही: महिना ८०,००० भाडं, ४,८०,००० डिपॉझिट, मुदत ६० महिने, भाडं स्थिर धरलं तर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्क्याने १२,६०० रुपये होतं. यासाठी ११ महिन्यांच्या नोटरी करारावर भागवणं मला तरी वेडेपणा वाटतो.

लॉक-इनवर, म्हणजे करार मध्येच मोडता येत नाही त्या मुदतीवर, सगळ्यात जास्त भांडा. मालक पूर्ण ६० महिने बांधलेला, तुम्ही फक्त पहिले १२ महिने आणि पुढे तीन महिन्यांच्या नोटिशीवर मोकळे, असं मागा. सगळं मिळणार नाही, पण दोघांना सारखंच लॉक-इन असलेल्या करारावर सही करण्याआधी एवढं तरी मागून बघाच. दरवर्षी १० टक्के वाढ मान्य केलीत तर पाचव्या वर्षी ८०,००० चे १,१७,१२८ होतात. ५ टक्के असेल तर ९७,२४०.

जीएसटी: एकच गाळा, दोन भाडी

हा मुद्दा एजंट सांगत नाही. व्यापारी भाड्यावर १८ टक्के जीएसटी आहे. मालकाची जीएसटी नोंदणी नसली तरी १० ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणीकृत भाडेकरूला तो स्वतः भरावा लागतो. कंपोझिशनवाल्यांना, म्हणजे उलाढालीवर ठरावीक कमी दराने कर भरणाऱ्या छोट्या व्यावसायिकांना, यातून १६ जानेवारी २०२५ पासून सूट आहे. कपड्यांचा दुकानदार भरलेला कर आपल्या विक्रीवरच्या करातून वळता करून घेतो. ५ टक्के जीएसटी लावणाऱ्या हॉटेलवाल्याला ती वजावट नाही. त्याचे ८०,००० वरचे महिन्याला १४,४०० रुपये गेले ते गेलेच, वर्षाचे १,७२,८००. म्हणून छोट्या खानावळीने नोंदणी नसलेला मालक शोधावा आणि बसत असेल तर कंपोझिशनमध्ये राहावं.

मग कोणी काय घ्यावं?

पहिल्यांदाच खाद्यपदार्थांत उतरताय? पागडीकडे वळू नका. चव चालेल की नाही हे कळायच्या आत आयुष्यभराची पुंजी एका पावतीत अडकते. ६० महिन्यांचा लायसन्स घ्या आणि हलवता येईल असंच फर्निचर करा. त्याच भागात दहा वर्षं धंदा करणारा कापडवाला किंवा सोनार असेल, मुलगा गल्ल्यावर बसायला तयार असेल, तर पागडी त्याच्या फायद्याची. धंद्यात असलेल्या वारसाकडे ती पुढे जाऊ शकते. मॉलमधल्या फूड कोर्टात विक्रीतला हिस्सा द्यायचा पर्यायही आहे, पण तिथे किमान भाडं ठरलेलं असतंच, त्यामुळे जोखीम वाटली जाते हे अर्धसत्य.

आणि चांगला चालणारा धंदा जागेमुळे बंद पडत नाही, असं कोणी म्हणालं तर जहांगीर कलादालनातलं कॅफे समोवार आठवा. १९६४ पासून भरलेलं असायचं, जागेच्या वादातून ३१ मार्च २०१५ ला बंद झालं.

टोकन देण्याआधी मालमत्ता कराची ताजी पावती, मालकीचा कागद, गाळ्यावर बँकेचा बोजा नसल्याची खात्री आणि सोसायटी असेल तर तिचं ना-हरकत पत्र बघा. हॉटेलसाठी धुराचा डक्ट कुठून जाणार, हेही त्याच पत्रात लिहून घ्या. वरच्या मजल्यावरच्या एका तक्रारीवर भट्टी बंद पडू शकते.