‘घरीच भरून देतो’ म्हणणारा काडतूसवाला

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, त्यातही जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात, ज्यांच्या घरी जुनी लायसन्सची रायफल आहे त्यांचे पत्ते काढत एक माणूस फिरतोय. स्वतःला आर्मरर, म्हणजे बंदुका दुरुस्त करणारा, म्हणवतो. माझ्या मामांना त्याने बावीस हजारांना बुडवलं, आणि जीवावरचं थोडक्यात टळलं, म्हणून हे लिहितोय.

मामा मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. रायफल आजोबांची, वारसाने लायसन्सवर चढलेली: झेक बनावटीची ब्रुनो, .२२ हॉर्नेट. बंदूक चांगली, पण काडतूस मिळत नाही. .२२ म्हटलं की दुकानदार लाँग रायफलची डबी पुढे करतो. ते काडतूस बारीक, त्याचा मसाला बुडाच्या कडेत असतो. हॉर्नेटचं पितळ, म्हणजे खोखा, लांब, आणि ठिणगी देणारी केप बुडाच्या मधोमध. एकाचं दुसऱ्यात चालत नाही. बेळगावात बारा बोरचं मिळतं, .३१५ चं मिळतं, हॉर्नेटचं नाव काढलं की मान हलते. तेव्हा रायफल वर्षानुवर्षं कपाटात. हे त्या माणसाला कुणीतरी सांगितलेलं असणार.

“मामा, कशाला काळजी करतासा? चेंबर जरा मोठं करतो, के-हॉर्नेट होतंय. खोखे तुमचेच, भरून मी देतो.”

यातली हुशारी बघा. के-हॉर्नेट ही थाप नाही. अमेरिकेत लायसल किलबॉर्न नावाच्या माणसाने १९४० मध्ये हे खरंच केलं. चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसतं ती जागा, थोडं रुंद करायचं, त्यात साधं हॉर्नेट उडवायचं, म्हणजे पितळ फुगून नव्या आकाराचं होतं, खांदा (तोंडाकडे निमुळता होणारा भाग) उभा होतो आणि दारू जास्त मावते. कारखान्याने न काढलेल्या अशा घरगुती काडतुसांना तिकडे वाइल्डकॅट म्हणतात. .२२-२५० सुद्धा कित्येक वर्षं असंच होतं, १९६५ मध्ये रेमिंग्टनने ते आपलं म्हणून बाजारात आणलं. मामेभावाने मोबाइलवर शोधलं तर सगळं जुळलं. जुळणारच. खोटं एवढंच होतं की या रायफलीला त्याने काही केलंच नाही.

सोप्यात बसून तासभर खटपट केली, तेल सांडलं, फडक्यावर लोखंडाचा चकचकीत कीस दाखवला. तो कीस बहुधा खिशातूनच आलेला. मग रिकामे खोखे घेऊन गेला आणि भरून आणले. पैसे रोख, पावती नाही. वर म्हणाला, “आता डुकराला बी बस्स होतंय.” तीन ग्रॅमच्या आसपासची गोळी ही! कोल्ह्या-सशाच्या मापाची. आणि रानडुक्कर मारायला वनखात्याची परवानगी लागते, भीमगड अभयारण्य शेजारी असताना हे कुणी विसरू नये.

मामांनी बांधाच्या मातीवर बार काढून पाहिले. पहिले दोन नीट गेले. तिसऱ्याला नुसतंच फुस्स. दुसरा कुणी असता तर बोल्ट मागे ओढून पुढचं काडतूस घातलं असतं. फौजी माणूस, हात तिथेच थांबला. बोल्ट काढून नळीतून पाहिलं तर पलीकडचा उजेड दिसेना. दारू अपुरी, गोळी नळीत अडकलेली. त्यावर चौथा बार काढला असता तर नळी फुटून चेहऱ्यावर आली असती.

बेळगावच्या लायसन्सधारी मिस्त्रीने गोळी काढून दिली आणि आधीचे दोन खोखे हातात घेतले. खांदा तसाच लांब, उतरता, साध्या हॉर्नेटचा. “चेंबर वाढवलं असतं तर हे फुगून आलं असतं. कानस सुद्धा लागलेली नाही.”

फोन केला तर साहेब बिनधास्त. “जावा की ठाण्यात. मी भरली, तुम्ही भरून घेतलासा.” त्याचा सगळा धंदा या एका वाक्यावर उभा आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात काडतूस बनवणं, विकणं, हत्यारात बदल करणं, दुरुस्ती, या सगळ्याला वेगळं लायसन्स लागतं, हे त्याला आपल्यापेक्षा पक्कं ठाऊक. बंदूक बाळगायचं लायसन्स असलं म्हणजे घरी काडतूस भरता येत नाही. मी चंदगडचा, कर्नाटकवाले माझं काय करणार, असंही सुनावलं. कायदा केंद्राचा आहे, राज्याच्या सीमेवर तो थांबत नाही. अशी आणखी एक थाप: “कोडगूची बंदूक देतो, तिला लायसन्स लागत नाही.” ती सूट कोडगूतल्या ठरावीक लोकांना आहे, बंदुकीला नाही.

मामांनी वकील गाठून लेखी तक्रार दिली आहे, रायफल आणि उरलेली काडतुसं जमा केली आहेत. लायसन्सचं काय होतं ते कळायचंय.

कुणी असा आला तर त्याच्याकडे दुरुस्तीचं लायसन्स मागा, आणि विकलेल्या काडतुसांची नोंद तुमच्या लायसन्सवर करून देतोस का, ते विचारा. आमच्याकडे हे विचारायचं कुणाला सुचलं नाही, कारण तो चहाला बसून आधी पलटणीच्याच गप्पा मारत होता.

परवा हल्याळहून ओळखीच्या एकाचा फोन आला. तिकडे तो आता .२२ ची .१७ करून देतो म्हणतोय, तीस हजारांत, सोप्यात बसूनच. .१७ म्हणजे नळीचं भोक आणखी बारीक. त्याला नळीच नवी लागते, घासून भोक लहान होत नाही.