रिसॉर्टला जमीन की घरात पाहुणे? किनारी गावासाठी तुलनात्मक आढावा

सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, २०२१ मध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाला आणि जानेवारी २०२३ पासून सीमेपलीकडे गोव्यातील मोप येथेही विमाने उतरू लागली. वेंगुर्ले, मालवण, देवगड तालुक्यांतील समुद्रालगतच्या जमिनीला आता गिऱ्हाईक शोधावे लागत नाही, ते दारी येते. मोठ्या रिसॉर्टला जमीन द्यावी की स्वतःच्या घरात निवास व न्याहारीची सोय करावी, असा प्रश्न ज्या कुटुंबासमोर किंवा ग्रामसभेसमोर आहे, त्यांच्यासाठी हा आढावा आहे.

पैशाच्या बाबतीत रिसॉर्टचे पारडे प्रथमदर्शनी जड दिसते, कारण रक्कम एकदम हाती येते आणि भांडवलाची जोखीम दुसऱ्याची असते. परंतु कोकणातील सातबारा बहुधा सामायिक असतो. त्यावर चुलते, चुलतभाऊ, मुंबईला स्थायिक झालेले चाकरमानी आणि लग्न होऊन गेलेल्या बहिणी अशी पाच-पंचवीस नावे असतात. व्यवहाराचा आकडा मोठा वाटला, तरी वाटणीनंतर प्रत्यक्ष गावात राहून बाग राखणाऱ्या भावाच्या हाती जे उरते, त्यात त्याच किनाऱ्यावर पुन्हा जमीन घेणे शक्य नसते. नोकरीचे आश्वासन मिळते, तेही नीट तपासावे. स्थानिकांच्या वाट्याला बहुतेक वेळा राखण, बागकाम आणि साफसफाई येते, तर व्यवस्थापक व मुख्य आचारी बाहेरून येतात. घरगुती निवासात उत्पन्न कमी आणि हंगामी असते. दिवाळी, नाताळ आणि मे महिना सोडला तर खोल्या रिकाम्या राहतात, पावसाळ्यात तर जवळजवळ बंदच. मात्र त्यातील पैसा गावातच फिरतो: मासळी शेजाऱ्याकडची, कोकम घरचे, रिक्षा वाडीतली.

किनाऱ्याचा प्रश्न मला पैशाहून मोठा वाटतो. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढायची तर लांबलचक मोकळी वाळू लागते. होडी जाळे टाकून येते, दोन्ही बाजूंनी माणसे दोर ओढतात आणि मासळी किनाऱ्याला लागली की रापणकारांत वाटे पडतात. या वाळूवर कोणाचा सातबारा नसतो, पण वहिवाट पिढ्यान्‌पिढ्यांची असते. समोर रिसॉर्ट उभे राहिले की वाळूवर आरामखुर्च्या येतात, पाणंदीवर फाटक बसते आणि कायद्याने किनारा सार्वजनिक असूनही होडी कोठे ओढून ठेवायची यावर दररोज वाद होतो. घरगुती निवासाने हा धोका संपत नाही, पण बराच कमी होतो, कारण पाहुणे ठेवणारा आणि रापण ओढणारा एकाच वाडीतले असतात आणि भांडण झालेच तर ते देवळात बसून मिटवता येते.

पाण्याबाबत गोव्यातील कळंगुट-कांदोळीचा अनुभव पुरेसा बोलका आहे. तेथे हॉटेलांची संख्या गावाच्या पाण्याला झेपेनाशी झाली, आसपासच्या गावांतील विहिरींवरून टँकर भरले जाऊ लागले आणि त्यावरून गावकऱ्यांत संघर्ष उभे राहिले. समुद्रालगतच्या विहिरीचा उपसा वाढला की तळाशी खारे पाणी शिरते आणि ते सहजासहजी मागे हटत नाही. पोहण्याचा तलाव आणि हिरवळ राखणाऱ्या रिसॉर्टची पाण्याची गरज चार खोल्यांच्या घराशी तुलना करण्याजोगी नाही.

तरीही घरगुती पर्यटनाला निर्दोष म्हणता येणार नाही. पहाटे घावणे-चटणी, दुपारी मासळीचे जेवण, रात्री चादरी धुणे हे सारे काम घरातील बाईवर पडते आणि बँक खाते मात्र बहुधा पुरुषाच्या नावावर असते. ज्याचे घर समुद्रापासून दूर किंवा ज्याच्याकडे स्वच्छतागृहासह खोली बांधण्याइतके भांडवल नाही, तो या उत्पन्नाबाहेर राहतो. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे कासव महोत्सवाच्या निमित्ताने गावकऱ्यांच्या घरांतच पाहुण्यांची सोय झाली आणि ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखण्यात गावाचा थेट लाभ गुंतला. मात्र हा हंगाम काही आठवड्यांचाच असतो.

मालदीव या देशाने दोन्ही वाटा चालून पाहिल्या आहेत. तेथे १९७२ पासून निर्मनुष्य बेटांवर एकेक रिसॉर्ट उभे राहिले. परकीय चलन आले, परंतु सामान्य माणसाचा या व्यवसायाशी संबंध प्रामुख्याने घरापासून दूरच्या बेटावरील नोकरीपुरता राहिला. पुढे वस्तीच्या बेटांवर अतिथिगृहांना परवानगी मिळाली आणि माफुशीसारख्या बेटावरील कुटुंबे स्वतः मालक झाली. थोड्याच काळात त्या चिमुकल्या बेटावर बहुमजली इमारतींची दाटीही झाली. मर्यादा ठरवली नाही, तर लहान धंद्यांची बेरीजही रिसॉर्टइतकाच भार टाकते.

म्हणून माझा कौल घरगुती निवासाकडे आहे, पण अटींसह. प्रथम दोनच खोल्या कराव्यात, सामायिक घर असल्यास भावंडांची लेखी संमती घ्यावी आणि खोल्यांचे खाते घर चालवणाऱ्या बाईच्या नावे उघडावे. रिसॉर्टचा प्रस्ताव नाकारणे शक्य नसेल, तर विक्रीऐवजी मुदतीचा भाडेपट्टा करावा आणि करारात पाण्याचा स्वतंत्र स्रोत, किनाऱ्याकडे जाणारी खुली वाट व होड्यांची जागा नकाशावर दाखवून घ्यावी. तोंडी शब्दावर राहू नये. ग्रामसभेने दोन्ही पर्यायांसाठी गावातील एकूण खोल्यांची मर्यादा ठरवावी आणि ती ठरवण्यापूर्वी वाडीतील विहिरींची पातळी मे महिन्याच्या अखेरीस मोजावी, कारण ऑक्टोबरमध्ये मोजलेली पातळी कोणत्याही प्रकल्पाला पुरेशीच दिसते.