लाल दिव्याखाली सहा सिटिंग

सहाही सिटिंग झाल्या आणि एकदाही दुखलं नाही, याचं मी घरी कौतुक सांगत होतो. खरं तर शंका तिथेच यायला हवी होती.

आयुष्य उन्हात गेलेलं, त्यात डोक्याला टक्कल. टाळूवर आणि कपाळावर खरखरीत चट्टे आले होते. डोळ्यांपेक्षा बोटांनाच जास्त कळायचे, पॉलिश पेपरवरून हात फिरवावा तसे. त्वचारोगतज्ज्ञांनी निदान केलं, अ‍ॅक्टिनिक केराटोसिस. सगळे नाही, पण एखादा चट्टा पुढे कॅन्सर होऊ शकतो म्हणाल्या. फोटोडायनॅमिक थेरपी, म्हणजे पीडीटी, हा प्रकाशाने करायचा उपचार सुचवला आणि ‘आग होईल, तयारीने या’ असंही बजावलं. मी कच खाल्ली. त्याच आठवड्यात एका स्किन सेंटरची जाहिरात दिसली: वेदनारहित पीडीटी, सहा सिटिंगचं पॅकेज, पैसे आगाऊ.

तिथे चट्ट्यांना कुणी बोटसुद्धा लावलं नाही. तोंड पुसायचं, लाल एलईडीचा मुखवटा चढवायचा, वीस मिनिटांनी घरी. मुखवटा टाळूपर्यंत पोचत नाही म्हटल्यावर त्यांनी तो टोपीसारखा मागे सरकवून ठेवला! आणि मी भर दुपारी उन्हातून परत यायचो.

चार महिन्यांनी टाळूवरचा एक चट्टा जाड झाला, दाबला की दुखायला लागला. खाली मान घालून पुन्हा त्याच डॉक्टरांकडे गेलो. बायोप्सीत वरच्या थरातला स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे त्वचेचा एक कॅन्सर, निघाला. तो कापून काढला. उरलेल्या चट्ट्यांसाठी मग खरी पीडीटी झाली.

आधी पोर्फिरिया, म्हणजे प्रकाश सोसू न देणारा आजार, आहे का, असं विचारलं. खपल्या खरवडल्या, औषधी क्रीम लावलं आणि वरून झाकून तीन तास बसवलं. क्रीममधल्या औषधापासून बिघडलेल्या पेशींत प्रोटोपोर्फिरिन हे प्रकाशाने चेतणारं द्रव्य साचतं आणि लाल प्रकाश, साधारण ६३० नॅनोमीटरचा, पडला की त्याच पेशी मरतात. क्रीमच नसेल तर दिवा नुसता दिवाच. पुढची काही मिनिटं डोक्यावर निखारे ठेवल्यासारखी गेली. नर्सताई पंखा धरून होत्या. नंतर दोन दिवस उन्हात जायचं नाही, खिडकीशीही बसायचं नाही, कारण हा प्रकाश काचेतून येतो आणि साधं सनस्क्रीन तो अडवत नाही. आठवडाभर डोकं लालबुंद, खपल्यांनी भरलेलं.

सेंटरकडे पैसे परत मागितले. त्यांनी शांतपणे माझीच सही असलेला कागद पुढे केला. पीडीटी हा शब्द त्यावर कुठेच नव्हता, औषधाचं नावही नव्हतं. छापलं होतं: ‘चेहरा उजळवण्यासाठी लाइट फेशियल, नग सहा.’