ऐकू कमी येणाऱ्या माणसाला जेवायला बाहेर नेताना

आईच्या पंचाहत्तरीला आम्ही तिला बाणेरच्या एका नव्या, काचेच्या भिंतींच्या रेस्टॉरंटमध्ये नेलं. टेबल मधोमध, डोक्यावर स्पीकर. मी विचारलं, "आई, सूप कुठलं घेतेस, टोमॅटो की मंचाव?" ती म्हणाली, "हो." थोड्या वेळाने तिने कानातलं मशीन काढलं, रुमालात गुंडाळलं आणि पर्समध्ये ठेवलं. पुढचा तासभर ती आमच्याकडे बघून नुसती हसत होती. जमलो होतो तिच्यासाठी, आणि बोलता येत नव्हतं ते तिच्याशीच. तेव्हापासून आमच्याकडे आधी आवाज बघितला जातो, मेन्यू नंतर.

वयाने ऐकू कमी येतं ते आधी वरच्या पट्टीतलं. स्वर पोहोचतात, स, ख, ठ, फ यांसारखी व्यंजनं निसटतात. गोंगाटात 'साठ', 'पाठ' आणि 'काठ' तिला सारखेच. मशीन लावलं तर आपल्या आवाजाबरोबर शेजारच्या टेबलाचा आवाजही वाढतो. साधं बोलणं ६० डेसिबलच्या आसपास असतं, आणि भरलेला हॉल सहज ७५-८० च्या घरात जातो. त्यात गोंगाट असला की माणूस नकळत आवाज चढवतो. फ्रेंच कानतज्ज्ञ एत्येन लोंबार यांनी १९११ मध्येच हे दाखवून दिलं होतं. एक टेबल चढलं की दुसरं चढतं, आणि साडेनऊपर्यंत सगळा हॉल ओरडत असतो.

त्यामुळे नव्या धाटणीचे कॅफे मी रात्रीसाठी बादच करते. उघडं काँक्रीट, काच, गुळगुळीत फरशी, पडदा नाही, गादी नाही. आवाज जिरायला जागाच नसते, तो आपटून परत येतो. दुपारी चार वाजता रिकाम्या कॅफेत कॉफी प्यायला जरूर जा. मॉलच्या फूड कोर्टचं तर नावच नको.

थाळीच्या हॉलबद्दल माझं मत मधलं आहे. स्टीलच्या वाट्यांचा खणखणाट मशीन लावलेल्या कानाला टोचतो, आई दचकते. पण तिथे बोलावं फारसं लागत नाही. वाढपी स्वतः येतो, भांडं पुढे दिसतं, नको असेल तर हात आडवा धरला की झालं. आईला तिथे कुणाच्या मदतीची गरज पडत नाही, आणि तिला ते फार आवडतं. पोटभर जेवून पाऊण तासात बाहेर पडायचं असेल तर थाळी उत्तम. गप्पा मारायच्या असतील तर नाही.

गार्डन हॉटेलची गंमत वेगळी. उघड्यावर आवाजाला परतायला भिंतीच नसतात. अंतर दुप्पट झालं की तो सुमारे ६ डेसिबलने उतरतो. सिंहगड रस्त्याच्या बाजूला, डोणज्याकडे अशा जागा आहेत. पण वाऱ्याची झुळूक मशीनच्या माइकवर आली की कानात फरफर होते, आणि झाडाखालच्या मंद दिव्यात समोरच्याचे ओठ दिसत नाहीत. ऐकू कमी येणारा माणूस बरंचसं बोलणं ओठांवरून उचलतो, हे आपल्या लक्षात येत नाही. शनिवार-रविवारी गाणारे असतात. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार उघड्यावरचे लाउडस्पीकर रात्री दहाला बंद व्हायला हवेत, पण तोवर आपलं जेवण उरकलेलं असतं. म्हणून गार्डन हॉटेल आठवड्याच्या मधल्या वारी, दिवसाउजेडी.

माझी निवड जुन्या हॉटेलातल्या एसी सेक्शनची. बुटकं फॉल्स सीलिंग, उंच पाठीचे रेक्झिनचे सोफे, खिडक्यांना जाड पडदे. दिसायला जुनाट, पण हेच सामान आवाज गिळतं. गेल्या वर्षी पावणेसातला गेलो, कोपरा मिळाला. तिथे आईने स्वतः वेटरला विचारलं, "सोलकढी आजची आहे का?" टीव्हीखालचं आणि एसीच्या झोतातलं टेबल मात्र टाळा.

जागेइतकीच खुर्चीही महत्त्वाची, आणि इथे आम्ही बरेच दिवस उलटं करत होतो. आईची पाठ नेहमी भिंतीला. मशीन नसेल तर ते बरोबरच आहे, मागून गोंगाट येत नाही. पण तिचं मशीन समोरचा आवाज जास्त घेतं आणि मागचा कमी. मग तिची पाठ हॉलकडे हवी आणि आम्ही भिंतीच्या बाजूला, चेहऱ्यावर उजेड येईल असे. दहा जणांचं लांब टेबल घेऊ नका. तिला शेजारचे दोघेच ऐकू येतात, बाकीचे सात नुसते दिसतात. चौघांची दोन टेबलं जोडण्यापेक्षा ती वेगळी ठेवा आणि गोडाच्या वेळी जागा बदला.

टेबल सांगायला फोन कराल तेव्हा "शांत आहे का?" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. गाणी लावता का, त्या दिवशी मॅच आहे का, मोठी पार्टी बुक झालीय का, हे विचारा. आणि घरातल्या माणसाला ऐकू कमी येतं हे सरळ सांगा. मी सांगायला लागल्यापासून बहुतेक ठिकाणी कॅप्टनने स्वतः येऊन आमच्या बाजूचा स्पीकर बंद केला आहे.