ओम्नीचं इंजिन: उघडून काम करायचं की कुर्ल्याहून दुसरं आणायचं?

मारुती ओम्नीचं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरी इंजिन निळा धूर सोडू लागलं की हे दोनच रस्ते उरतात. आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजून घ्या. मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर पिस्टनवरच्या रिंगा गेल्या. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, त्याखालची पट्टी), आणि तेवढ्यासाठी इंजिन बदलणं म्हणजे निव्वळ उधळपट्टी. हेड फेस करून, म्हणजे घासून सपाट करून, नवं गॅस्केट आणि व्हॉल्व्ह सील टाकून भागतं.

रिंगा गेल्या असतील तर बोअर, पिस्टन, बेअरिंग असं सगळं आलं. गाडी आठवडाभर अडकते, पण आत काय पडलं ते दिसतं. काढलेले भाग मागून घ्या, लाजू नका.

कुर्ल्यात सीएसटी रोडवरच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारातलं इंजिन सहसा स्वस्त पडतं, दोनेक दिवसांत बसतं. घेण्याआधी फिलरचं, म्हणजे ऑइल ओतायच्या तोंडाचं, झाकण काढून बघा: आत सायीसारखा थर असेल तर ऑइलमध्ये बहुधा पाणी शिरलंय. इंजिन बसवण्याआधीच टायमिंग बेल्ट बदला, नंतरची मजुरी वाचते. इंजिन नंबर बदलतो, म्हणून आरसीवर आरटीओची नोंद आलीच. बिल न देणाऱ्याकडून घेऊ नका.