सत्ता जिल्ह्याकडे नेली की खाणं थांबतं? इंडोनेशिया आणि कोरियाचा हिशेब

"सगळा पैसा वरच मुरतो. तो थेट जिल्ह्याला, गावाला द्या, खाणारे आपोआप कमी होतील." हे आपण सगळ्यांनी ऐकलंय आणि निम्म्यांनी तरी कधी ना कधी म्हटलंय. देश आर्थिक गाळात रुतला की या बोलण्याला आणखी धार चढते. यावर कुठल्या बाजूने उभं राहायचं हे ठरवायचं असेल, तर १९९७ च्या आशियाई आर्थिक संकटाकडे बघावं. एकाच वादळात सापडलेल्या दोन देशांनी तेव्हा दोन वाटा धरल्या. इंडोनेशियाने सत्ता आणि पैसा जिल्ह्यांकडे सोडला, तर दक्षिण कोरियाने राजधानीत बसूनच लगाम आवळला.

कोरियाचं आधी उरकतो. डिसेंबर १९९७ मध्ये त्यांना आयएमएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या, दारात जावं लागलं आणि पुढच्या वर्षी अर्थव्यवस्था ५ टक्क्यांच्या आसपास आकसली. किम दे-जुंग त्याच सुमारास राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले. गंमत अशी, की स्थानिक निवडणुका सुरू व्हाव्यात म्हणून याच माणसाने १९९० मध्ये उपोषण केलं होतं. पण संकट अंगावर आलं तेव्हा त्यांनी महापौरांना हाक मारली नाही. १९९८ मध्ये बँकांवर देखरेख करणारं एकच केंद्रीय मंडळ उभं केलं, जूनमध्ये एका दिवसात पाच बँकांना टाळं लावायला सांगितलं आणि १९९९ मध्ये देवू या कोसळत्या बड्या उद्योगसमूहाला वाचवायला सरकार धावलं नाही. लोकांनी घरातलं सोनं काढून दिलं, ते दोनशे टनांवर गेलं. ऑगस्ट २००१ मध्ये आयएमएफचं कर्ज मुदतीआधी फिटलं.

चलन, बँका आणि परकीय कर्ज ही जिल्ह्याच्या आवाक्यातली कामं नव्हेत. विकेंद्रीकरणावर माझा जीव आहे, तरी हे मान्य करावंच लागतं.

पण म्हणून कोरियातली लाचखोरी गेली का? २००२ मध्ये खुद्द किम यांची दोन मुलं लाचेच्या प्रकरणांत तुरुंगात गेली, आणि पुढच्या काळात माजी राष्ट्राध्यक्षही गेले. तिजोरी सावरणं वेगळं आणि हात स्वच्छ करणं वेगळं.

इंडोनेशियाचं दुखणं कितीतरी खोल होतं. १९९७ च्या मध्यावर डॉलरला साधारण २,४०० असलेला रुपिया वर्षभरात १६,००० च्या पलीकडे घसरला. १९९८ मध्ये अर्थव्यवस्था १३ टक्क्यांच्या आसपास आक्रसली. २१ मे १९९८ रोजी, ३२ वर्षं राज्य केलेले सुहार्तो पायउतार झाले. रस्त्यावरच्या विद्यार्थ्यांच्या तोंडी तीन अक्षरं होती, 'केकेएन': कोरुप्सी, कोलुसी, नेपोटिस्मे. म्हणजे भ्रष्टाचार, साटंलोटं आणि नातेवाईकांची वर्णी.

मग १९९९ मध्ये दोन कायदे झाले आणि १ जानेवारी २००१ पासून कारभार जिल्ह्यांकडे गेला. शाळा, दवाखाने, रस्ते आणि सुमारे २० लाख सरकारी नोकर एका फटक्यात वरून खाली आले. सत्ता प्रांतांना न देता जिल्ह्यांना दिली, यामागे भीती होती. पूर्व तिमोर हातातून निसटत होता, आचे प्रांतही धुमसत होता. प्रांत बळकट झाले तर तेही फुटून निघतील, जिल्हा बिचारा कुठे फुटणार, असा तो हिशेब. उरलेला देश एकत्र राहिला, आणि त्याचं श्रेय या निर्णयाला द्यायला हवं.

भ्रष्टाचार मात्र पांगला. पूर्वी राजधानी जकार्तात एक दार होतं, आता बुपातीचं, म्हणजे जिल्हाप्रमुखाचं, दार आलं. जिल्हेही तीनशेवरून पाचशेच्या वर गेले, कारण नवा जिल्हा म्हणजे नवी कचेरी, नव्या नेमणुका, नवी टक्केवारी. खाणपरवाने बुपातींच्या हाती आले तेव्हा ते दहा हजारांच्या घरात गेले. शेवटी ते अधिकार २०१४ मध्ये प्रांतांकडे आणि २०२० मध्ये केंद्राकडे परत खेचावे लागले. खरी चूक क्रमाची होती. पैसा २००१ मध्ये खाली उतरला आणि त्यावर नजर ठेवणारा भ्रष्टाचारविरोधी आयोग, केपीके, कामाला लागला २००३ संपताना.

आता जरा रस्त्यावर उतरू. जावा बेटावर सहाशेच्या वर गावांत ग्रामरस्ते होत होते आणि कामाचा पैसा गावाच्याच हाती होता. बेंजामिन ओल्कन या अर्थशास्त्रज्ञाने अभियंत्यांकडून तयार रस्ते ठिकठिकाणी खणून घेतले. दगड किती, वाळू किती, मजुरी किती, हे मोजून गावाने दाखवलेल्या खर्चाशी ताडून पाहिलं. आपल्याकडे एमबी म्हणजे मोजमाप पुस्तिका आणि प्रत्यक्ष रस्ता यांत किती अंतर असतं, हे गावात राहिलेल्याला ठाऊक आहे. ते अंतर इथे फावड्याने मोजलं गेलं.

काही गावांना आधीच सांगितलं होतं, की सरकारी लेखापरीक्षण शंभर टक्के होणार. तिथे शंभर रुपयांमागे गायब होणारा खर्च सुमारे ८ रुपयांनी घटला. दुसरीकडे बैठकांची निमंत्रणं घरोघर वाटली. माणसं जमली, बोलली, पण एकूण गळतीत फारसा फरक पडला नाही. मजुरीतली चोरी तेवढी कमी झाली, कारण आपली हजेरी ज्याला त्याला पाठ असते. वाळू किती ब्रास पडली हे कोण मोजतो? आणि जिथे लेखापरीक्षणाचा धाक होता, तिथे कामावर पदाधिकाऱ्यांचे नातेवाईक जास्त लागले. केकेएनमधला 'एन' दुसऱ्या दाराने आत आला.

म्हणून ठरवताना आधी दुखणं कुठलं ते बघा. चलन कोसळलंय, बँका बुडताहेत, तर कोरियाची वाट. शाळेत मास्तर नाही, दवाखान्यात औषध नाही, रस्ता पावसाळ्याआधीच उखडतो, तर इंडोनेशियाची. फक्त तपासनीस पैशाच्या आधी पोचला पाहिजे आणि तो बाहेरचा हवा. दोन्हींची सांगडही घालता येते. सोल महापालिकेने १९९९ मध्ये परवान्यांचे अर्ज कुठल्या टेबलावर आहेत ते इंटरनेटवर उघड केलं. सत्ता महापालिकेची, पण फाइल कुठे अडली ते घरबसल्या दिसायचं.

आपल्याकडे तर त्याच्याही आधीची पायरी अडली होती. २०२२ पासून महाराष्ट्रातल्या बहुतेक महापालिका आणि झेडप्या प्रशासकांच्या हाती होत्या. निवडणुका घ्या, हे मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. निवडून आलेलं सभागृहच नसेल तर अधिकार द्यायचे कोणाला?

आणखी एक विचारा: खाली येणारा पैसा कोणाचा? इंडोनेशियातल्या जिल्ह्यांच्या तिजोरीत बहुतांश पैसा जकार्ताहून येतो. वरून आलेला पैसा गळाला तर माणूस हळहळतो, पण स्वतःच्या खिशातला गेला की उठतो. मध्य जावातल्या पाती जिल्ह्यात २०२५ मध्ये बुपातीने जमीन-इमारतींवरचा कर २५० टक्क्यांपर्यंत वाढवला. विरोध होताच, पाच काय, पन्नास हजार लोक आले तरी चालतील, असं आव्हानही दिलं. लोकांनी गावच्या मुख्य चौकात पाण्याच्या बाटल्यांची खोकी आणून रचायला सुरुवात केली, मोर्चात येणाऱ्यांसाठी. बुपातीने घाबरून करवाढ मागे घेतली. तरी १३ ऑगस्टला हजारोंनी लोक आलेच. आता त्यांना त्याचा राजीनामा हवा होता.